दोन आसने आणि तिसरे माणूस

गेल्या मार्गशीर्षात एका संध्याकाळी माझा भाचा, त्याची पत्नी आणि जेमतेम सव्वा महिन्याची त्यांची कन्या असे तिघे बर्फीचा पुडा घेऊन आमच्याकडे आले ते भाड्याच्या टॅक्सीने. आणि ज्या गृहस्थाच्या इमारतीच्या तळघरात तीनशे अश्वशक्तीची स्वतःची मोटार उभी आहे, त्याने बाणेरहून सदाशिव पेठेत येण्यासाठी टॅक्सीवाल्याची मनधरणी करावी, या विसंगतीचे कारण विचारण्याची मला गरज पडली नाही, कारण त्या मोटारीस आसने दोन आहेत आणि कुटुंबात माणसे तीन झाली आहेत. चहा झाला, बाळ घरातील बायकांच्या ताब्यात गेले, तेव्हा खुर्ची पुढे ओढून त्याने विचारले, “मामा, गाडी ठेवू की विकून टाकू?”

गाडी म्हणजे बीएमडब्ल्यूची झेड-फोर, २०१२ सालच्या बनावटीची, दुसऱ्याच्या हातून घेतलेली. तीन लिटरचे, सहा सिलिंडर एका ओळीत मांडलेले इंजिन. आणि धातूचे छप्पर, जे कळ दाबताच सुमारे वीस सेकंदांत घडी होऊन मागे डिकीत जाऊन बसते. ते तेथे बसले की ३१० लिटरच्या डिकीत १८० लिटर जागा उरते. म्हणजे छप्पर उघडावे तर बाबागाडी घरी ठेवावी लागते आणि बाबागाडी न्यावी तर छप्पर मिटावे लागते. ताशी २५० किलोमीटर धावण्याची तिची शक्ती, परंतु मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गावर सपाटीलासुद्धा मोटारीस मुभा आहे ती १०० ची, आणि त्या महामार्गाला लागेपर्यंत जेवढे गतिरोधक येतात तेवढ्यांवर पोट घासू नये म्हणून ती तिरकी चढवावी लागते ते निराळेच. हे सारे त्याने मला तक्रार म्हणून सांगितले नाही. लाडक्या मुलाच्या खोड्या सांगाव्यात तसे सांगितले.

त्याच्या आईचे, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, फर्मान आधीच निघाले होते: बाप झालास, आता पोरकटपणा पुरे. कचेरीतल्या मित्रांचा कौलही बहुमताने तोच. आपल्या समाजात पितृत्व प्राप्त होताच पुरुषाच्या हौसेच्या चीजवस्तूंवर जणू जप्ती येते. कुणाची तबल्याची जोडी माळ्यावर जाते, कुणाची गिर्यारोहणाची दोरखंडे मित्राकडे जातात, आणि ज्याने जितके सोडले तितका तो उत्तम बाप, असा एक हिशेब सर्वांनी बिनबोभाट मान्य केलेला असतो. मला हा हिशेब पहिल्यापासूनच नामंजूर आहे. त्यागाने मुलाच्या पदरात काय पडले याची रुजुवात कोणी करीत नाही, केवळ त्याग घडला याची पावती मागितली जाते. आणि बापाने आपली आवडती वस्तू विकली म्हणून कोणतेही तान्हे अधिक झोपल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

मराठेशाहीत ज्याचा घोडा स्वतःचा तो शिलेदार आणि ज्याला घोडा सरकारातून मिळे तो बारगीर. आजचा मध्यमवर्गीय बाप, दरमहा हप्ता कापून घेणाऱ्या बँकेच्या घोड्यावर बसून मुलाला शाळेत, बायकोला कचेरीत आणि सासूबाईंना दवाखान्यात पोहोचविणारा, हा वस्तुतः बारगीरच होय. आणि ज्याने दहा वर्षे पैसे साठवून, कर्ज न काढता, आपल्या मनाचा घोडा विकत घेतला, त्याला शिलेदारी सोडून बारगिरी पत्करताना जे वाटते ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही, एवढे म्हणण्याची सहृदयता आपण दाखवावयास हवी.

तथापि सहृदयता ही एक गोष्ट आणि पदार्थविज्ञान ही दुसरी. ताशी ५० किलोमीटरने चाललेली मोटार आदळून सेकंदाच्या दहाव्या हिश्शात थांबली, तर मांडीवरचे सात किलोचे मूल त्या क्षणापुरते सुमारे शंभर किलोचे होते, आणि शंभर किलोचा भार हातांनी धरून ठेवील असे मातृप्रेम किंवा पितृप्रेम अस्तित्वात नाही. म्हणून तान्ह्या मुलासाठी निराळे आसन बसवावयाचे, आणि तेही अशा रीतीने की मुलाचे तोंड गाडीच्या मागच्या बाजूस राहील. कारण तान्ह्याचे डोके शरीराच्या मानाने जड आणि मान कोवळी असल्यामुळे समोरून बसणारा धक्का सबंध पाठीवर झेलला जाणे इष्ट असते. युरोपात रूढ असलेल्या नव्या नियमानुसार किमान १५ महिन्यांपर्यंत मुलाला असेच बसवावे लागते. आता दोन आसनांच्या गाडीत मागची रांगच नाही. म्हणजे हे आसन चालकाच्या शेजारी येणार, आणि तेथे समोरच्या फळीआड एअरबॅग दडलेली. धडक बसताच ती डोळ्याचे पाते लवण्याआधी, ताशी तीनशे किलोमीटरच्या घरातील वेगाने, बाहेर पडते. मोठ्या माणसाची छाती तीत जाऊन टेकावी एवढे अंतर गृहीत धरून तिची रचना केलेली असते, आणि उलट्या तोंडाच्या बालासनाची पाठ तर त्या फळीस जवळजवळ भिडलेली असते. तेव्हा जी योजना मोठ्यांच्या रक्षणासाठी केली तीच तान्ह्याच्या डोक्यावर आघात करते. अमेरिकेत गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात अशा रीतीने बालके दगावली, आणि मग १९९५ साली ज्या गाड्यांना मागचे आसन नाही त्यांत शेजारची एअरबॅग बंद करण्याची कळ बसविण्यास तेथील सरकारने परवानगी दिली. आपल्याकडील गाड्यांतही चालकाशेजारच्या उन्हाच्या झापडीवर या धोक्याची चित्रमय सूचना चिकटविलेली असते. ती झापड आपण आरशात केस विंचरण्यासाठी वर्षानुवर्षे खाली ओढतो, तरी सूचना वाचलेला माणूस मला अद्याप भेटावयाचा आहे.

हे सारे मी भाच्याला सांगितले तेव्हा तो हिरमुसला. परंतु मी हे सांगण्यास कितपत अधिकारी आहे हेही त्याच बैठकीत कबूल करणे मला भाग होते. १९८४ साली आमचा मुलगा झाला तेव्हा माझ्याजवळ येझदी होती. मैसूरला तयार होणारी, दोन सायलेन्सरांतून आपल्या आगमनाची वर्दी दोन गल्ल्या आधी देणारी. वडीलधाऱ्यांच्या मसलतीप्रमाणे मी ती विकली, आणि ज्या काळात बजाजची स्कूटर मिळण्यासाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे त्या काळात कोणाची तरी नोंदणी मिळवून, संसारी माणसाचे वाहन म्हणून, स्कूटर घरी आणली. सर्वांनी माझी पाठ थोपटली. आणि मग मी काय केले? मुलगा उभा राहू लागला तसा त्याला हँडल आणि आसन यांच्यामधील जागेत उभे करून, त्याच्या डोक्यावर माकडटोपीखेरीज दुसरे काही नसताना, आईसाहेबांना मागे बसवून, सदाशिव पेठेतून पर्वतीपर्यंत आणि पुढे थेट स्वारगेटपर्यंत अनेक वर्षे हिंडलो. येझदी विकून मी शहाणा ठरलो होतो, आणि मूल मात्र अपघातात सर्वांत आधी जेथे आदळेल नेमके तेथे उभे होते. आज चार वर्षांखालील मुलाला दुचाकीवर नेताना सुरक्षापट्टा आणि नऊ महिन्यांवरील मुलास हेल्मेट असावे, आणि वेग ताशी ४० च्या वर नसावा, असा नियम २०२३ च्या फेब्रुवारीपासून लागू आहे; माझ्या वेळी तो नव्हता, ही सबब कायद्यापुढे चालेल, माझ्यापुढे चालत नाही.

म्हणूनच भाच्याला ‘गाडी विक’ म्हणून बजावणाऱ्यांकडे मी जरा निरखून पाहतो. त्यांच्या स्वतःच्या गाड्या उंच, धिप्पाड, सात आसनांच्या. आणि रविवारी लोणावळ्याच्या वाटेवर त्याच गाड्यांच्या छपराच्या खिडकीतून त्यांची मुले कमरेपर्यंत बाहेर काढलेली, वारा पीत उभी. मांडीवरचे मूल तर इतके सार्वत्रिक की त्याचे कोणास वैषम्यही वाटत नाही. मोटार वाहन कायद्याच्या १९४-बी या कलमान्वये चौदा वर्षांखालील मुलास पट्टा किंवा बालासन यांवाचून नेल्यास हजार रुपये दंड आहे; तो भरणारा बापही मला अद्याप भेटावयाचा आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात चारोटीजवळच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला तेव्हा गाडी उत्तम होती, मजबूत होती; मागे बसलेल्या दोघांनी मात्र पट्टे बांधलेले नव्हते, आणि ते दोघेही गेले. पुढे महिनाभर मागच्या पट्ट्यांची चर्चा झाली. त्या एका वर्षात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. मोठी गाडी घेतली म्हणजे बापाचे कर्तव्य संपले, ही समजूत छोट्या गाडीच्या मोहापेक्षा अधिक घातक आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

पैशाचा प्रश्न मी थोडक्यात आटोपतो, कारण ज्याला अशी गाडी परवडत नाही त्याने ती मूल होण्यापूर्वीच विकावयास हवी होती. परंतु भाच्याने एक युक्तिवाद केला तो तेवढ्यावर सोडण्यासारखा नाही. “तिच्यासाठीच ठेवतो म्हणा ना,” तो म्हणाला, “अठरा वर्षांची झाली की तिला देईन.” खाजगी मोटारीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून तिचे नूतनीकरण. ही कन्या सज्ञान होईतो गाडीने तिशी ओलांडलेली असेल आणि छपराच्या यंत्राचा एखादा सुटा भाग मिळविण्यासाठी बापलेकींना परदेशी पत्रव्यवहार करावा लागेल. शिवाय आपल्या हौशीचे बक्षीसपत्र तान्ह्या मुलीच्या नावे करून देणे हा दस्तऐवजच मुळात खोटा आहे. हौस आपली आहे. ती आपल्याच नावावर ठेवावी. आणि अठराच्या आधी सोळावे वर्ष येते, हेही पुण्याच्या माणसाला आता सांगावे लागू नये. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरात एका अल्पवयीन मुलाच्या हाती असलेल्या भारी मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतल्याच्या प्रकरणाने हे शहर हादरले. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात आलेले १९९-ए हे कलम अशा गुन्ह्यात पालकासच दोषी धरते, तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड सांगते. किल्ली कोणत्या खुंटीवर राहते आणि लाल दिवा असताना बाप काय करतो, हे मूल तिसऱ्या वर्षापासून पाहत असते.

एवढा वेळ आम्ही दोघे पुरुषच बोलत होतो. भाच्याची पत्नी बाळाला घेऊन बाहेर आली, आणि मी, उशिराने का होईना, तिचे मत विचारले. ती म्हणाली, “गाडीचं मला काही नाही, मामा. हे दर रविवारी सहाला निघतात आणि अकराला येतात. त्या पाच तासांचं काय, एवढंच मला कळू द्या.”

मी तासभर एअरबॅग, कलमे आणि लिटर यांचा जो पसारा मांडला होता, त्यातून मूळ मुद्दाच निसटला होता. हौसेच्या गाडीची खरी किंमत पेट्रोलात नाही, विम्याच्या हप्त्यात नाही; ती त्या पाच तासांत आहे, आणि मूल झाल्याबरोबर रविवारची सकाळ ही नवऱ्याची स्वकष्टार्जित मिळकत राहत नाही, ती नवराबायकोची सामाईक होते. तिच्यावर एकाने वहिवाट सांगावयाची आणि दुसऱ्याने रात्रीच्या जागरणानंतर पुन्हा पाळणा हलवावयाचा, ही वाटणी कोणत्याही पंचाने मान्य करू नये. क्रिकेटची, भजनी मंडळाची, गडांवर जाण्याची हौस असली तरी हाच न्याय लागू पडेल. मोटार बिचारी आवाज करते म्हणून तेवढी पकडली जाते.

तेव्हा माझा निवाडा मी दिला तो असा. घरात एकच गाडी ठेवणे शक्य असेल तर वादच नाही, ही विकून चार आसनांची घ्यावी आणि त्याबद्दल उसासे टाकू नयेत. भाच्याला दोन शक्य आहेत. तेव्हा आधी मुलीसाठी साधी, मागची रांग असलेली, बालासन नीट बसणारी गाडी घ्यावी, आणि मुलीला झेड-फोरमध्ये ती मोठी होईपर्यंत बसवूच नये, फोटोपुरतेदेखील नाही. मग ही ठेवण्यास माझी हरकत नाही, परंतु रविवार आळीपाळीने वाटून घ्यावेत. आणि पुढच्या दिवाळीपर्यंत ही वाटणी पाळली गेली नाही तर गाडी विकावी, कारण तसे झाल्यास दोष गाडीचा नसला तरी वसुली तिच्यातूनच करावी लागेल. भाच्याने मान हलविली. पत्नीने हलविली नाही, ती म्हणाली, “बघू.”

फाल्गुनात मी एका रविवारी सकाळी साडेसातला त्याला दूरध्वनी केला, घरी नसेल या अपेक्षेनेच. त्यानेच उचलला, आणि कुजबुजत म्हणाला, “मामा, हळू बोला, आत्ताच डोळा लागलाय तिचा.” गाडी कोठे आहे असे विचारले, तर ती खडकवासल्याच्या रस्त्यावर होती. सूनबाई चालवीत होत्या, छप्पर उघडे ठेवून.