सामुराईचं भाडं थकलंय!

सामुराई म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे टॉम क्रूझ येतो. घोडा, चिलखत, गळणारी चेरीची फुलं आणि मरतानाही चेहऱ्यावर तेज वगैरे. ‘द लास्ट सामुराई’ आला डिसेंबर २००३ मध्ये. गंमत म्हणजे त्याच महिन्यात जपानच्या ‘शोनेन जम्प’ या कॉमिक साप्ताहिकात आणखी एक सामुराई अवतरला. हा दिवसभर लोळत तेच साप्ताहिक वाचतो, सगळ्यांसमोर नाकात बोट घालतो आणि गोड खाऊन खाऊन डायबिटिसच्या उंबरठ्यावर येऊन ठेपलाय. घराचं भाडंही थकलंय. नाव साकाता गिंतोकी. मालिका ‘गिंतामा’. अर्थ ‘रुपेरी आत्मा’, पण एक अक्षर बदललं की जपानीत चारचौघांत न उच्चारण्यासारखा शब्द होतो. अर्थात हे मुद्दामच!

अॅनिमे म्हणजे मोठ्ठाले डोळे आणि सारखी किंचाळणारी पोरं, असं मानणारी मंडळी आपल्यात अजून आहेत. त्यांच्यासाठी आजचा कॉलम.

गोष्ट अशी. टोकियोचं नाव एदो होतं तो काळ. खऱ्या इतिहासात १८५३ मध्ये अमेरिकेचा कमोडोर पेरी काळी जहाजं घेऊन आला आणि दोनशेहून जास्त वर्षं दारं लावून बसलेल्या जपानला ती उघडावी लागली. गिंतामात जहाजांऐवजी थेट अंतराळयानं उतरतात. परग्रहवासी, म्हणजे ‘अमान्तो’, देशाचा ताबा घेतात. सामुराई लढतात, पण सरकारच शरणागती पत्करून मोकळं होतं. तलवारींवर बंदी येते (खरी बंदी १८७६ मधली). वीस वर्षांनी त्याच एदोत गगनचुंबी इमारती आहेत, टीव्ही आहे, स्कूटर आहे आणि किमोनो घातलेली माणसं एलियन साहेबांची हांजी हांजी करतायत.

गिंतोकी त्या युद्धातला हिरो. त्याला ‘शिरोयाशा’ म्हणायचे. यातला ‘याशा’ म्हणजे आपलाच यक्ष बरं का, बौद्ध धर्माबरोबर जपानला गेलेला. तर हा पांढरा यक्ष आता काबुकिचो नावाच्या वस्तीत एका बारच्या वरच्या मजल्यावर ‘योरोझुया’ चालवतो. योरोझुया म्हणजे पडेल ते काम करून देणारं दुकान. हरवलेलं मांजर शोधायचंय? छप्पर गळतंय? या आत. कमरेला तलवार आहे, पण लाकडाची. तिच्यावर होक्काइदोतल्या तोया तलावाचं नाव कोरलंय, म्हणजे महाबळेश्वरहून आणलेल्या काठीवर ‘महाबळेश्वर’ लिहिलेलं असतं ना, तसंच!

स्टाफ दोघांचा. शिनपाची हा चश्मिस पोरगा, वडिलांच्या मागे डबघाईला आलेला तलवारबाजीचा आखाडा सावरायला धडपडणारा. कागुरा ही एलियन मुलगी, छत्री हेच हत्यार आणि भाताचा आख्खा कुकर एकटीने फस्त करण्याची क्षमता. शिवाय सादाहारू, राक्षसी आकाराचा कुत्रा, प्रेमाने माणसाचं डोकंच तोंडात घेतो. पगार वेळेवर होत नाही. खालची बारवाली ओतोसे आजी भाडं मागायला आली की यक्षाची तंतरते.

विनोदाची पद्धत अस्सल जपानी आहे. तिकडे ‘मान्झाई’ नावाचा जोडीने करायचा विनोदी प्रकार आहे. एकाने वेड्यासारखं काहीतरी बरळायचं, दुसऱ्याने त्याला तिथल्या तिथे झापायचं. आपल्या तमाशातली बतावणी आठवा, तिचाच लांबचा भाऊ. इथे झापायचं खातं शिनपाचीकडे. बाकी अख्खं शहर बरळतं. कधी पात्रंच कॅमेऱ्याकडे बघून आपल्या मालिकेचं बजेट काढतात. कधी घराच्या बाहेरचं एकच चित्र स्थिर दिसत राहतं आणि आतून नुसती बडबड ऐकू येते. लेखक हिदेआकी सोराची स्वतःला गोरिला म्हणून काढतो. पडद्यामागच्या लोकांना स्वतःचीच एवढी खेचताना मी तरी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

पण नुसतं हसून सोडून द्यावं असं हे प्रकरण नाही. मला ते का चिकटलं, सांगतो.

यातली बरीच पात्रं खऱ्या माणसांवर बेतलीत. एदोचे पोलीस ‘शिनसेनगुमी’ खरे होते, १८६३ मध्ये क्योतोत उभे राहिलेले. त्यांचा खरा म्होरक्या कोंदो इसामी १८६८ मध्ये शिरच्छेदाने मेला. त्याच वर्षी त्यांचा तरुण तलवारबाज ओकिता सोजी क्षयाने गेला. उपप्रमुख हिजिकाता १८६९ मध्ये हाकोदातेच्या लढाईत पडला. समोरच्या बाजूचा साकामोतो र्योमा १८६७ मध्ये मारेकऱ्यांच्या हातून संपला आणि ताकासुगी शिनसाकू त्याच वर्षी क्षयाने. पस्तिशी यांच्यापैकी एकानेही ओलांडली नाही. जपानी पोरं शाळेत हे शिकतात. हुतात्मे, पुतळे, गंभीर चेहरे.

आणि सोराची काय करतो? नावात एखादं अक्षर बदलून या सगळ्यांना जिवंत ठेवतो. त्यांना हौतात्म्याऐवजी रोजचं आयुष्य देतो. त्याचा हिजिकाता प्रत्येक पदार्थावर मेयोनेजचा डोंगर ओततो. त्याचा ओकिता बॉसची खुर्ची मिळावी म्हणून बॉसवरच बझूका चालवतो (अप्रेझलच्या सीझनमध्ये हे जास्तच पटतं). इतिहासाने ज्यांना धड म्हातारं होऊ दिलं नाही, ती माणसं इथे फालतू कारणांवरून भांडतात, उधारीवर जेवतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामाला जातात. मला ही श्रद्धांजली पुतळ्यापेक्षा मोठी वाटते.

आता हासेगावाला भेटा. डोळ्यांवर कायम काळा गॉगल. आधी हा परग्रहवासीयांच्या इमिग्रेशन खात्यातला बडा अधिकारी होता. एका मस्तवाल एलियन राजपुत्राला त्याने ठोसा लगावला आणि नोकरी गेली. पाठोपाठ बायको गेली, घरही. पुढे शेकडो एपिसोड हा माणूस नोकरी शोधतोय. मिळते, जाते. मुक्काम बागेत, पुठ्ठ्याच्या खोक्यात. त्याला टोपणनाव पडलंय ‘मादाओ’, म्हणजे साधारण ‘पार वाया गेलेला काका’. आपण पोट धरून हसतो. मग कधीतरी हसता हसता जाणवतं, की या माणसाने आयुष्यात एकदाच ताठ कण्याने वागायचं ठरवलं आणि त्याचं बिल तो अजून भरतोय. मालिका त्याला हसते, पण त्याला टाकत नाही. गिंतोकी त्याच्याशेजारी बाकावर जाऊन बसतो, बस्स.

आपल्या पिढीला हे नेमकं लागतं. ज्या स्किलवर आपण उभे आहोत, ते पाच वर्षांनी कुणाला हवं असेल का, हा प्रश्न आज कुठल्या ऑफिसच्या कँटीनमध्ये नाही? माझ्या ग्रुपमधल्या दोघांची नोकरी एका व्हिडिओ कॉलवर गेली. व्हिजिटिंग कार्डावरचं पद गेल्यावर आपण कोण उरतो, यावर सेल्फ-हेल्पची पुस्तकं ढीगभर मिळतील. गिंतामाचं उत्तर साधं आहे. युद्ध हरलं, तलवार गेली, ‘सामुराई’ हे पदच रद्द झालं. तरी शेजारच्या म्हातारीवर कुणी हात टाकला तर हा लाकडाचा दांडका घेऊन उभा राहतोच. देश वाचवायचा ठेका त्याने सोडलाय. हात पोचेल तेवढ्यातली माणसं मात्र तो सोडत नाही. आणि तेव्हा जी मारामारी होते ना, बॉस, ती कुठल्याही ‘सीरियस’ अॅक्शन मालिकेच्या तोंडात मारेल!

सगळंच गोड आहे असं नाही. विनोद कित्येकदा संडासापर्यंत घसरतो. कोंदो शिनपाचीच्या बहिणीचा सतत पाठलाग करतो, त्यावरचे जोक्स आज बघताना खटकतात, खटकायलाच हवेत. जपानी टीव्ही आणि राजकारणावरचे अर्धेअधिक टोमणे आपल्या डोक्यावरून जातात.

बघायचंच असेल तर एक टिप. २००६ मध्ये सुरू झालेल्या अॅनिमेचे पहिले दोन एपिसोड कॉमिक आधीच वाचलेल्यांसाठीचा स्पेशल आहेत. नवख्याने तिसऱ्यापासून सुरुवात करावी. एकूण ३६७ एपिसोड आहेत, पण बिंज करू नका. जेवताना एक, एवढा डोस पुरे. पहिल्या दहा-बारांत कंटाळलात तरी थोडा दम धरा. माणसं ओळखीची व्हायला वेळ लागतो, नव्या ऑफिसात लागतो तसाच.

आणि शेवटाची घाई तर मुळीच नको. २०१३ मध्ये ‘अंतिम’ म्हणत सिनेमा आला, मालिका चालूच राहिली. सप्टेंबर २०१८ मध्ये ‘जम्प’मधून कॉमिकने निरोप घेतला आणि गोष्ट न संपल्याने ते दुसऱ्या मासिकात गेलं. तिथेही संपेना, मग खास अॅप काढून जून २०१९ मध्ये ७०४ प्रकरणांवर एकदाचं थांबलं. जानेवारी २०२१ मध्ये पुन्हा सिनेमा, नाव ‘द फायनल’! मांडवात ‘फक्त दोन शब्द’ म्हणून माइक हातात घेणारे काका आठवतात की नाही?

टॉम क्रूझच्या सिनेमात शेवटचा सामुराई रुबाबात मरतो. दिसायला झकास. पण सोमवारी सकाळी साडेआठची लोकल पकडणाऱ्या माणसाला त्याचा काय उपयोग? त्याला दुसरा सामुराई हवा. हरलेला, कफल्लक, आणि तरीही उद्या दुकान उघडणारा.