ऐकू येतं, पण कळत नाही

मिरचीचा लिलाव रंगात येतो आणि सत्तरीतले आप्पा शेजारच्याला विचारतात, "काय म्हनस रे तो?" दोनदा विचारलं की शेजारी हसतो. तिसऱ्यांदा आप्पा विचारत नाहीत. पुढच्या खेपेला मुलालाच पाठवतात. दोंडाईच्याच्या बाजारात असं गप्प झालेलं एक तरी माणूस आपल्या ओळखीचं असतंच.

वयाबरोबर अंतर्कर्णातल्या केसपेशी झिजतात, त्या परत उगवत नाहीत. आधी जातात उंच पट्टीचे आवाज. स्वर ऐकू येतात, पण स, श, फ पुसट होतात. 'साठ' आणि 'आठ' सारखेच वाटतात. मुलाचं बोलणं कळतं, नातीचं कळत नाही. मग घरचे ओरडतात. ओरडण्यानं आवाज वाढतो, शब्द उमटत नाही, आणि म्हाताऱ्याचा अपमान होतो तो वेगळाच. टीव्ही बंद करून, समोर बसून, सावकाश बोलावं.

हे न केल्यास माणूस आधी ओटा सोडतो, मग बोलणं. 'लॅन्सेट' आयोगानं 2024 मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी 14 कारणं मांडली, त्यांत ऐकू कमी येणं अगदी वरचं आहे. अमेरिकेत 70 ते 84 वयाच्या 977 जणांवर तीन वर्षं अभ्यास झाला. श्रवणयंत्रानं सरसकट सगळ्यांना फरक पडला नाही. पण ज्यांना धोका जास्त होता, त्यांच्या बुद्धीची घसरण 48 टक्क्यांनी कमी झाली. माझ्या मते एवढा पुरावा पुरेसा आहे.

तरीही आपण मोतीबिंदूला शिबिर भरवतो आणि कानाला "वयच झालं" म्हणतो. सरकारचंही तसंच: अंधत्वाचा राष्ट्रीय कार्यक्रम 1976 चा, बहिरेपणाचा थेट 2006 चा. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 वर्षांवरील, दोन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांना 3000 रुपये मिळतात, श्रवणयंत्रही त्यात बसतं. पण तपासणीविना घेतलेलं, कानाला न जुळवलेलं यंत्र नुसता गोंगाट वाढवतं आणि कपाटात जातं. पैशाइतकाच तपासणारा माणूसही हवा.

दोंडाईच्याच्या उपजिल्हा रुग्णालयात ज्येष्ठांच्या कानांसाठी आठवड्यातला एक वार ठरलेला असावा, ही मागणी नगरपालिकेनं आणि ज्येष्ठ नागरिक संघानं लावून धरावी. तोवर घरच्यांनी थांबू नये. बऱ्याचदा कानात नुसता मळच असतो, तो डॉक्टरांकडूनच काढून घ्यावा. पुढची तपासणी धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात होते. आईवडिलांना या महिन्यातच घेऊन जा.