मोटो जी, कॅनव्हास की लुमिया? २०१४चा हिशोब आज मांडून बघू

फ्रीज घेताना आपण आधी स्टार बघतो. फोनसाठीही असंच काहीतरी असावं, अशी शिफारस मे २०२५ मध्ये एका समितीनं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाला केली. नाव आहे रिपेअरेबिलिटी इंडेक्स. फोन किती सहज उघडतो, दुरुस्तीची माहिती मिळते का, स्पेअर पार्ट वेळेत येतात का, सॉफ्टवेअर अपडेट किती काळ, कोणती हत्यारं लागतात आणि स्क्रू कसले आहेत, अशा सहा गोष्टींवर कंपनीनं स्वतःच गुण जाहीर करायचे. ते दुकानात, ऑनलाइन आणि बॉक्सवरच्या क्यूआर कोडमधून दिसावेत. (स्वतःचा पेपर स्वतः तपासायचा, ही गोष्ट मला जरा खटकते. पण ते असो.)

कल्पना चांगलीच आहे. फक्त हे गुण माझ्या पहिल्या स्मार्टफोनला लावून बघितले, तर गाडी एका ठिकाणी अडकते.

मोटो जी भारतात आला फेब्रुवारी २०१४ मध्ये, ८ जीबीचा १२,४९९ रुपयांना, आणि फक्त ऑनलाइन. आमच्या कामशेतच्या वाडीपर्यंत तेव्हा कुरियर यायचं नाही, म्हणून तळेगावच्या मामांच्या पत्त्यावर मागवला. घरात तेव्हा दोन तज्ज्ञ होते. चुलत भावाकडे मायक्रोमॅक्सचा कॅनव्हास एचडी होता. १३,९९० रुपये, पाच इंची स्क्रीन, मेमरी कार्ड, बॅटरी नखानं निघायची. मित्राकडे नोकियाचा लुमिया ५२०, किंमत १०,४९९. रॅम फक्त ५१२ एमबी, तरी लोण्यासारखा चालायचा. मोटो जीला कार्डाची जागाच नव्हती आणि पाठ उघडली तरी बॅटरी स्क्रूंच्या खाली. लोणावळा लोकलमध्ये भाऊ सगळ्यांसमोर म्हणाला, "बारा हजार घालून आठ जीबी? फसलास लेका."

कागदावर तो बरोबरच होता. पण फोनची किंमत कागदावर कळत नाही. मी साधा हिशोब करतो: एकूण खर्च भागिले वापरलेले महिने.

भावाचा कॅनव्हास ३० महिन्यांत इतका रखडायला लागला की त्यानं कपाटात टाकला. महिन्याला साधारण ४६६ रुपये पडले. मित्राचा लुमिया ३६ महिने चालला, म्हणजे २९२. त्याचं हार्डवेअर ठणठणीत होतं, ॲप्सच येईनात. पुढे ३१ डिसेंबर २०१९ नंतर व्हॉट्सॲपनं विंडोज फोन पूर्णच सोडले, त्यामुळे तो फोन कुणाला फुकट द्यायच्याही लायकीचा राहिला नाही. माझा मोटो जी मार्च २०१४ ते मे २०१८, पन्नास महिने. महिन्याला २५० रुपये.

यात मोठा वाटा अपडेटचा. मोटो जीला ४.३ पासून अँड्रॉइड ५.१ पर्यंत अपडेट मिळाले. तेव्हा हे फक्त मिरवायला वाटायचं. पण २४ ऑक्टोबर २०२३ पासून व्हॉट्सॲपला किमान अँड्रॉइड ५.० लागू लागलं. त्या दिवशी कॅनव्हास एचडी बाद झाला आणि मोटो जी पास. नऊ वर्षांपूर्वीचा एक अपडेट असा कामाला येतो.

मग मी तो २०१८लाच का सोडला? बिघडला नव्हता. त्याला फोरजी नव्हतं.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि सगळ्या वाडीचं इंटरनेट एका महिन्यात बदललं. जिओला टूजी नाही, थ्रीजी नाही, म्हणजे माझ्या फोनसाठी ते नेटवर्क अस्तित्वातच नव्हतं. शेवटी १,९९९ रुपयांचं जिओफाय घेतलं. एका खिशात फोन, दुसऱ्यात हॉटस्पॉट, आणि कॉलसुद्धा ॲपमधून. हे दोन हजार हिशोबात धरले तर माझे २५० थेट २९० होतात, म्हणजे लुमियाच्या बरोबरीला! पुढे २०२० पर्यंत एअरटेलनं थ्रीजीही बंद केलं. पूर्ण चालू असलेला फोन असा जागेवर म्हातारा झाला.

मी वर म्हटलं ती अडकणारी जागा हीच. समितीच्या सहा मुद्द्यांत नेटवर्क नाही. शहरात ते चालून जाईल, मावळात नाही. आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ ही तिन्ही खोरी डोंगरांच्या मध्ये आहेत. टॉवरपासून सरळ रेषा मिळतच नाही. अशा ठिकाणी कमी फ्रिक्वेन्सीची लहर जास्त कामाची, कारण ती लांब जाते, अडथळ्याला वळसा घालते, भिंतीतूनही बऱ्यापैकी आत येते. जिओनं २०२२ च्या लिलावात ७०० मेगाहर्ट्झ सगळ्या २२ सर्कलमध्ये घेतलं, बीएसएनएलच्या नव्या फोरजीतही ते आहे. पण तुमच्या फोनच्या मॉडेमला ती फ्रिक्वेन्सी ऐकू यायला हवी. स्पेसिफिकेशनच्या पानावर बँडची यादी असते. त्यात फोरजीखाली बी२८ आणि फाइव्हजीखाली एन२८ शोधा. जिओचं फाइव्हजी स्टँडअलोन पद्धतीचं आहे, त्यामुळे 'एसए' हा शब्दही हवा.

हे सगळं आठवलं ते मावशीच्या मुलीमुळे. ती टाकव्याच्या पुढे, ठोकळवाडी धरणाच्या बाजूला राहते, यंदा तळेगावला कॉलेजला लागली. तिचा मेसेज आला, "दादा, कॅमेरा ५०चा घेऊ की १०८चा?"

अपडेटच्या बाबतीत तिची पिढी नशीबवान. ऑक्टोबर २०२४ मध्ये १८,९९९ रुपयांना आलेल्या गॅलेक्सी ए१६ फाइव्हजीला सॅमसंगनं सहा वर्षांचे अपडेट कबूल केलेत. ७२ महिन्यांनी भागलं तर २६४ रुपये. दहा वर्षांपूर्वीच्या माझ्या आकड्याच्या जवळपासच, आणि मधली महागाई वेगळीच. अर्थात सहा वर्षं बॅटरी एकच पुरणार नाही, तेव्हा मधला एक बदल हिशोबात धरायचा.

रविवारी तिच्यासोबत लोणावळ्याच्या बाजारात गेलो. पहिल्या दुकानात बी२८ विचारलं तर दुकानदार म्हणाला, "फाइव्हजी आहे ना साहेब, अजून काय पाहिजे?" मग तिथंच उभं राहून तिनं कंपनीच्या साइटवर दोन्ही मॉडेलची बँडची यादी काढली. १०८ मेगापिक्सेलवाल्याच्या यादीत २८ नव्हता. तिनं ५०चा घेतला, वाचलेल्या पैशांत कव्हर आणि टेम्पर्ड ग्लासही. घरी पोचल्यावर तिचा कॉल आला तो स्वयंपाकघरातून. आधीच्या फोनवर बोलायला तिला अंगणात यावं लागायचं.