मोती साबण आणि मोती कुत्रा

कुत्र्याला पंचांग वाचता येत नाही, ही त्याची सर्वांत मोठी अडचण आहे. येत असते तर वसुबारसेच्या आदल्या दिवशीच त्याने आठ दिवसांची रजा टाकून भीमाशंकरचे जंगल गाठले असते. तिथे बिबट्या असतो हे खरे. पण तो निदान आवाज न करता येतो.

आमच्या घरात मोती दोन. एक साबण आणि एक कुत्रा. नरकचतुर्दशीच्या पहाटे साबण वर्षभराने कपाटाबाहेर येतो आणि नेमक्या त्याच मुहूर्तावर कुत्रा कॉटखाली जातो. साबणाची आपण वर्षभर वाट पाहतो. कुत्रा वर्षभर आपली वाट पाहतो, आणि सणाच्या दिवशी आपण त्याचे कान फोडतो.

विनोदी लिहिणाऱ्याने भांडू नये, असा संकेत आहे. त्यातून मी बँकेतला कारकून. समोरचा कितीही चिडला तरी 'सही जुळत नाही' एवढेच बोलायची सवय. कर्जतला बँकर दोन प्रकारचे. एक घाटात गाडीला मागून ढकलणारी इंजिने आणि दुसरे आम्ही, आपापल्या जागी ढकलले जाणारे. पण आज मी भांडणार आहे.

त्याला कारण आमचे मास्तर. हे गृहस्थ खालापूरच्या बाजूला कुत्र्यांना वळण लावतात. मोतीसाठी म्हणून मी रविवारी त्यांच्याकडे जाऊ लागलो. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "साहेब, कुत्र्याला शिकवायला मला पंधरा दिवस पुरतात. मालकाला किती लागतील ते तुम्ही सांगा."

आता फटाकेवाल्यांचे युक्तिवाद घेऊ. पहिला, 'वर्षातून एकदाच तर असतं!' मी वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्याने खतावणीच मांडली. गणपतीचे आगमन, विसर्जन, दिवाळीचे चार-पाच दिवस, तुळशीचे लग्न, एकतीस डिसेंबर, लग्नाच्या वराती, ग्रामपंचायतीचा निकाल (जिंकलेल्याचा आणि पुन्हा मोजणीत जिंकलेल्याचा), शिवाय क्रिकेट. 'एकदाच'च्या खात्यावर इतक्या नोंदी बघून कोणताही ऑडिटर खुर्चीतून पडेल.

दुसरा युक्तिवाद, 'सवय होते हो त्यांना!' कर्जाच्या हप्त्यांची सवय झालेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. माणसाला सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. कुत्र्याला चाळीस हजारांच्या पलीकडचा. त्यातून आमच्याकडे चहूबाजूंनी डोंगर, म्हणजे एक सुतळी बाँब लावा, दोन ऐका. अशी भीती बहुधा सवयीने जात नाही, ती दरवर्षी चक्रवाढ दराने वाढते.

सवय लावायची रीत वेगळी आहे. मास्तर जूनमध्येच सुरुवात करतात. फटाक्याचा रेकॉर्ड केलेला आवाज इतका बारीक लावायचा, की कुत्र्याचा कान हलेल पण शेपूट आत जाणार नाही. आवाज झाला की लगेच उकडलेल्या चिकनचा तुकडा. आवाज आधी, तुकडा नंतर. क्रम उलटला की शिकवणी फुकट. काही दिवसांनी आवाज किंचित वाढवायचा, कुत्रा बिचकला तर पुन्हा उतरवायचा. धनत्रयोदशीला येऊन "मास्तर, उद्यापर्यंत होईल का?" म्हणणाऱ्यांना ते हात जोडतात. हे काम मुदत ठेवीसारखे आहे. आज ठेव ठेवून उद्या व्याज मागता येत नाही.

तिसरा युक्तिवाद संस्कृतीचा. हा काढला की समोरच्याने गप्प बसायचे असते, पण मी बसणार नाही. भांडारकर संस्थेतले विद्वान प. कृ. गोडे यांनी भारतातल्या दारूकामाचा इतिहास लिहिला, तो सुरू होतो इसवी सन १४०० च्या सुमारास. त्याआधीही आपल्याकडे दिवे लागत होते. याउलट कुत्रा बघा. धर्मराज स्वर्गाच्या दारापर्यंत गेला तेव्हा भाऊ आणि बायको वाटेत गळून पडली होती. बरोबर होता तो कुत्रा, आणि त्याला सोडून आत यायला धर्मराजाने नकार दिला. दत्तगुरूंच्या पायाशी तर चार कुत्रे. तसबिरीतल्या त्या चौघांना हळदकुंकू वाहायचे आणि दारातल्या पाचव्याच्या शेपटीला लवंगी बांधायची, ही कुठली संस्कृती?

कायदा आहे का? आहे की. प्राण्यांच्या छळाविरुद्ध १९६० चा कायदा आहे. त्यात छळाच्या पहिल्या गुन्ह्याला दंड लिहिला आहे दहा ते पन्नास रुपये. खात्यात किमान शिल्लक नसेल तर आम्ही याहून जास्त कापतो. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाच्या फटाक्यांना मनाई केली आणि २०१८ साली दिवाळीसाठी रात्री आठ ते दहा ही वेळ ठरवून दिली. आमच्या आळीत मात्र पहाटे चारला 'पहिला फटाका कोणाचा' ही स्पर्धा बिनदिक्कत चालते. फटाक्याचा आवाज चार मीटरवरून मोजून १२५ डेसिबलच्या आत हवा, असाही नियम आहे. पण टेप घेऊन बरोबर चार मीटरवर उभा राहणारा कुत्रा अजून जन्माला यायचाय.

माझा खरा राग आहे तो सुट्टीच्या पाहुण्यांवर. मुंबईत धूर फार म्हणून हे लोक कर्जत-खालापूरच्या फार्महाऊसवर येतात, आणि गाडीच्या डिकीत तोच धूर भरून आणतात. बरोबर कुत्राही असतो. त्याला हे घर नवे, फाटक नवे, वास नवा. पहिला बाँब फुटला की तो कुंपणाखालून पळतो. आमचा मोती पळाला तर वास घेत निदान परत तरी येईल. या पाहुण्याला परतीचा पत्ताच ठाऊक नसतो. पुढे एकीकडे रेल्वेचे रूळ आणि दुसरीकडे एक्सप्रेसवे. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी मास्तर सकाळी सायकल काढून रस्त्याच्या कडेने बघत जातात. काय सापडते हे मी त्यांना एकदा विचारले. ते म्हणाले, "कधी कुत्रा, कधी नुसता पट्टा."

म्हणून मास्तरांचे नियम इथे देतो, हसून सोडून देऊ नका. फिरवणे अंधार पडण्याआधी उरकावे, तेही दोरी न सोडता. पट्ट्यावर मालकाचा फोन नंबर असावा. रात्री घरातली सर्वांत आतली खोली, बंद खिडक्या, जाड पडदा, पंखा आणि रेडिओ चालू. कॉटखाली गेला तर ओढून काढू नये, ती त्याची जागा आहे. जवळ आला तर कुरवाळावे. त्याने भीती वाढत नाही. माणसाची झोपेची गोळी कदापि देऊ नये. नुसत्या गुंगीने अंग लोळते, भीती आत जागीच राहते. औषध जनावरांच्या डॉक्टरला आधी विचारूनच. फराळाचे ताट उंचावर ठेवावे. चॉकलेट, बेदाणे आणि कांदा हे कुत्र्याला विष आहे. लाडवातला बेदाणा आपल्याला शोभेचा, त्याला मूत्रपिंडाचा प्रश्न. आणि गल्लीतल्या बेवारशी कुत्र्याला त्या रात्री जिन्याखाली बसू द्यावे. तो भाडे थकवणार नाही.

आपल्याकडे वसुबारसेला गाय पुजतात, पोळ्याला बैल, नागपंचमीला चक्क नाग. राखण करणाऱ्याच्या नावाने मात्र कॅलेंडरात एक चौकोन नाही. नेपाळात आहे. ऐन नरकचतुर्दशीच्या सुमारास तिथे कुकुर तिहार असतो. कुत्र्याच्या कपाळाला टिळा लावतात, गोडधोड खाऊ घालतात आणि गळ्यात झेंडूची माळ घालतात. आपणही त्याच सुमारास माळ काढतो. फक्त ती हजाराची असते, आणि तिला वात असते.