जुन्या सामानाला किंमत लावा

रमजान जवळ आला की आमच्याकडे मदरशाच्या ओट्यावर गाठोडी येऊन पडू लागतात. त्यात बटणं नसलेले शर्ट असतात, चेन तुटलेलं दप्तर असतं, एकदा तर एकाच पायाची चप्पल निघाली होती. पाठवणाऱ्याच्या मनात त्याची नोंद 'सदका' अशी झालेली असते. खरं म्हणजे त्याने घर साफ केलेलं असतं आणि कचरा उचलायचं काम मौलानांच्या गळ्यात घातलेलं असतं. सूरह बकरामध्ये याबद्दल स्पष्ट ताकीद आहे. जी वस्तू तुम्हाला कुणी दिली तर डोळे मिटल्याशिवाय तुम्ही घेणार नाही, ती अल्लाहच्या वाटेत देऊ नका, असा त्या आयतीचा आशय. ही आयत आपण ऐकतो आणि गाठोडं बांधायला घेतो.

बरं, वस्तू चांगली असली तरी प्रश्न सुटतोच असं नाही. काही वर्षांपूर्वी माझ्या सहावीच्या वर्गात एक मुलगा चांगला, इस्त्रीचा शर्ट घालून आला. मागच्या बाकावरचा दुसरा मुलगा सगळ्यांसमोर म्हणाला, "हा माझा शर्ट आहे. खिशावर शाईचा डाग बघा." त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, त्याला फक्त शर्ट ओळखल्याचा आनंद झाला होता. दुसऱ्या दिवशी पहिला मुलगा आपल्या जुन्या, काखेत उसवलेल्या शर्टात आला. तो चांगला शर्ट मी पुन्हा कधी पाहिला नाही. त्याच्या आईने तो वीस रुपयांना विकत घेतला असता, तर त्या मुलाला उत्तर देता आलं असतं.

म्हणून माझं मत असं झालं आहे की वापरण्यासारखी वस्तू वाटू नका, विका. भंगारवाल्याला ढिगाने नव्हे, तर अंगणात नीट मांडून, चिठ्ठी लावून, परवडेल अशा भावात. अमेरिकेत लोक घरासमोर असं सामान मांडतात म्हणे. आपल्याकडे पुण्याचा जुना बाजार आहे, मुंबईचा चोर बाजार आहे, दारावर येणारी बोहारीण आहे. वापरलेली वस्तू विकत घेणं आपल्याला नवं नाही. स्वतःच्या अंगणात विकायची मात्र लाज वाटते.

ती लाज मला गेल्या मे महिन्यात कळली. अम्मी जाऊन वर्ष झालं होतं आणि कोकणातलं घर पावसाआधी रिकामं करायचं होतं. माळ्यावर तांब्याची डेग, पितळी पातेली, अब्बांनी कुवेतहून आणलेली ब्लँकेटं, पाच थर्मास (पाच का, ते अल्लाहला माहीत), पायाची शिलाई मशीन, कपबशा. भाईजानही कुवेतलाच असतात. ते म्हणाले, "कुणालाही देऊन टाक, पण खानदानाची भांडी अंगणात मांडू नकोस. लोक काय म्हणतील?"

मी त्यांना अबू दाऊदच्या संग्रहातली ती हदीस सांगितली. एक अन्सारी माणूस पैगंबरांकडे (स.) मागायला आला. त्याच्या घरात एक जाडंभरडं कापड आणि पाणी प्यायचा पेला, एवढंच होतं. पैगंबरांनी (स.) त्या दोन वस्तू मागवल्या आणि लोकांसमोर स्वतः बोली लावली. एकाने एक दिरहम म्हटलं, "कोण जास्त देतो?" असं विचारल्यावर दुसऱ्याने दोन दिले. एका दिरहमचं घरात अन्न घे, दुसऱ्याची कुऱ्हाड आण, असं त्याला सांगितलं. कुऱ्हाडीला दांडा स्वतःच्या हाताने बसवून दिला आणि लाकडं तोडून विकायला पाठवलं. पंधरा दिवसांनी तो दहा दिरहम कमावून परत आला. काही मुहद्दिसांनी हिची सनद कमकुवत मानली आहे, हेही सांगते. पण वापरलेला पेला चारचौघांत विकण्यात लाज आहे असं कोणत्याच आलिमाकडून मी ऐकलेलं नाही.

भाईजान गप्प झाले. पटलं म्हणून की फोन महाग पडतो म्हणून, सांगता येत नाही.

तयारीतलं पहिलं काम म्हणजे बहिणीला फोन. आपल्याकडे जमिनीच्या वाटणीवर भांडणं होतात, पण भांडी, कपडे, कपाट हे ज्याच्या ताब्यात घर त्याचं, असं सगळे धरून चालतात. सूरह निसामध्ये पुरुषांचा आणि स्त्रियांचाही हिस्सा सांगताना, तरका थोडा असो वा जास्त, असं म्हटलं आहे. त्या 'थोडा'मध्ये चमचाही येतो. तेव्हा वारसांना विचारल्याशिवाय एक वाटीही विकता येत नाही आणि सदक्यात देताही येत नाही, कारण ती एकट्याची नाहीच. मी प्रत्येक वस्तूचा फोटो काढून तिघांच्या ग्रुपवर टाकला. आठवडाभर वाट पाहिली. धाकटीने पानदान स्वतःसाठी ठेवलं आणि त्याचे चारशे रुपये डब्यात टाकले. डबा तिघांचा होता ना.

दिवस रविवारचा धरला. मे महिन्यात मुंबईकर गावात असतात, लग्नांची खरेदी चालू असते आणि जूनमध्ये शाळा उघडणार असते. जाहिरात मशिदीच्या माइकवरून करा, असं एकाने सुचवलं. पण मशिदीत खरेदी-विक्रीला मनाई आहे, म्हणून कागद दुकानावर आणि एसटीच्या थांब्यावर लावले, उर्दूत आणि मराठीत. नुसता उर्दूत लावला असता तर कुणबीवाडी आणि बौद्धवाडी आलीच नसती, आणि खरं गिऱ्हाईक तिकडूनच आलं.

भाव ठरवताना चूक एकच होते, आपण आठवणींचे पैसे लावतो. अम्मीचं पातेलं गिऱ्हाईकासाठी पातेलंच असतं. तांब्या-पितळेचा मोडीचा भाव आदल्या दिवशी दुकानात विचारून घेतला, म्हणजे त्याखाली जायचं नाही एवढं तरी कळलं. बाकी वस्तूंना नव्याच्या तिसरा हिस्सा किंवा त्याहून कमी. दहा-वीसच्या नोटा सुट्ट्या करून ठेवल्या, कारण गावात नेटवर्क दुपारी हमखास जातं. घराचे आतले दरवाजे बंद, पैशाच्या डब्याशी एकच माणूस. कपड्यांचे खिसे आणि कपाटाचे कागद दोनदा तपासले, तरी एका ब्लँकेटच्या घडीत अम्मीचं रेशन कार्ड सापडलं. कुरआनच्या प्रती आणि दीनी किताबं मात्र विक्रीत ठेवली नाहीत.

ऐब लपवायचा नाही, हे चिठ्ठी लिहितानाच ठरवलं होतं. पैगंबरांनी (स.) बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, आत ओलं लागलं, तेव्हा ते वर का ठेवलं नाहीस असं विक्रेत्याला विचारलं होतं. आमच्या मिक्सरवर मी लिहिलं, 'लवकर गरम होतो, सलग चालवू नये.' भोक असलेलं ब्लँकेट भोक वर येईल असं घडी केलं. दोन्ही दहाच्या आत गेले. विजेच्या वस्तूंसाठी पडवीत बोर्ड ओढून ठेवला होता, ज्याने त्याने लावून बघावं. ज्याची शिट्टी नीट बसत नव्हती तो कुकर मात्र मी विक्रीला काढलाच नाही. अशा वस्तूची चिठ्ठी लिहून सुटका होत नाही.

सकाळी साडेसहालाच एक व्यापारी आला आणि सगळं मिळून सात हजार म्हणाला. मोह होतो, खोटं कशाला बोलू? दिवसभराची उस्तवार वाचली असती. पण मग वाडीतल्या बायकांनी कुठून घेतलं असतं? त्याला दुपारनंतर या म्हटलं.

आठच्या सुमाराला एक काकी आल्या. अम्मीच्या वेळी आमच्या शेतात लावणीला यायच्या. अम्मी त्यांना नेहमी काही ना काही द्यायची आणि त्या खाली मान घालून घेऊन जायच्या. मी त्यांचा आवाज फारसा ऐकलाच नव्हता. त्यांनी पितळी नव्हे, स्टीलचं मोठं पातेलं उचललं, उलटं करून बुडाला टिचकी मारली आणि म्हणाल्या, "दीडशे? बाय, बूड पातळ झालंय. सत्तर देते." मी एकशे वीसवर आले. त्या निघून गेल्या, फाटकापर्यंत गेल्या, परत आल्या. नव्वदला सौदा झाला. कनवटीच्या नोटा मोजून माझ्या हातावर ठेवताना त्या माझ्याकडे बघून हसल्या. जाताना सगळ्या वाडीला सांगत गेल्या की मास्तरणीला साठ रुपयांनी उतरवली.

कुणी म्हणेल, गरिबाकडून नव्वद रुपये घेण्यात कसला मोठेपणा? ज्यांच्याकडे नव्वदही नव्हते अशी तीन घरं आम्हाला माहीत होती. त्यांच्याकडे आदल्या रात्री, तिघांच्या संमतीने, चांगली ब्लँकेटं आणि भांडी पोहोचवली होती. अंगणात त्यांना कुणी फुकट घेताना पाहिलं नाही. आणि सदका द्यायचाच असेल तर आलेल्या पैशातून द्यावा, रोख. रोख घेणाऱ्याला औषध आणायचं की फी भरायची ते स्वतः ठरवता येतं.

एक वाजता उरलेलं सामान त्या व्यापाऱ्याने नेलं. डब्यात १८,६४० रुपये जमले. भाऊ आणि दोन बहिणी म्हणून चार भाग केले, ४,६६० धाकटीला, तेवढेच मला, ९,३२० भाईजानना. संध्याकाळी हिशेबाचा कागद ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांत कुवेतहून फोन.

"डेग कितीला गेली?"

"आठ हजार. मोडीच्या भावापेक्षा जास्त आली. पलीकडच्या गावच्या जमातीने लग्नांसाठी घेतली."

"कमी घेतलेस," भाईजान म्हणाले.