इंजिन पुसायचं असतं, धुवायचं नसतं



दिवाळी जवळ आली की आपल्या शहरातल्या वॉशिंग सेंटरपुढे गाड्यांच्या रांगा लागतात. हल्ली तिथे नुसतं धुणं मिळत नाही, पॅकेज मिळतं: बाहेरून फोम, आतून व्हॅक्यूम, सीट शॅम्पू, डॅशबोर्ड पॉलिश आणि शेवटी 'इंजिन स्टीम क्लीनिंग'. बहुतेक वेळा हे शेवटचं फुकट देतात. माझं मत आधीच सांगून टाकते. या यादीतलं बाकी सगळं करून घ्या, पण शेवटचं, ते फुकट असलं तरी, घेऊ नका. आणि विचारल्याशिवाय कुणी तुमच्या गाडीचं बॉनेट उघडलं, तर त्याला जाब विचारा.

गाडीचा विषय बायकांचा नाही असं म्हणणाऱ्यांना एकच सांगते. मुलांना क्लासला सोडणं, सासू-सासऱ्यांना दवाखान्यात नेणं, भाजी-किराणा आणणं ही कामं ज्या गाडीने होतात, ती बंद पडली की पहिल्यांदा घर अडतं. म्हणून गाडी हा घरचाच विषय आहे.

आपल्या शहराला गाड्यांचं वेडही आहे. वाळूजला बजाज आणि शेंद्र्याला स्कोडा असे कारखाने इथेच. ऑक्टोबर २०१० मध्ये इथल्या लोकांनी एकत्र येऊन एकदम १५० मर्सिडीज घेतल्या होत्या, त्याची चर्चा देशभर झाली. दुसरीकडे, पैठणला एवढं मोठं जायकवाडी धरण असूनही कित्येक वसाहतींत नळाला पाणी काही दिवसांआड येतं. चकचकीत गाडीची हौस आणि पाण्याची टंचाई एकत्र आली की वाफेने धुण्याचा धंदा चालणारच. 'पाणी वाचतं' हे त्यांचं म्हणणं खोटं नाही. पाइपने धुण्यापेक्षा वाफेला पाणी खूपच कमी लागतं. गाळलेलं पाणीसुद्धा तोलून-मापून वापरायचं असं ज्या घरांत शिकवतात, तिथे ही गोष्ट पटकन पटते. पण सीट, पायपुसणी, दारांच्या फटी, चाकं यांना चालणारी वाफ इंजिनलाही चालेल असं गृहीत धरलं जातं आणि तिथेच घोटाळा होतो.

आमच्याकडे गेल्या वर्षी काय झालं ते थोडक्यात सांगते. आमच्या ह्यांनी गाडी आतून-बाहेरून साफ करायला दिली होती. बिलावर आतली आणि बाहेरची सफाई एवढंच होतं. संध्याकाळी गाडी घरी आली तेव्हा बॉनेटखालचं सगळं काळं कुळकुळीत चमकत होतं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहाटे सासूबाईंना घेऊन आम्ही कचनेरला चिंतामणी पार्श्वनाथांच्या दर्शनाला निघालो. गाडी सुरू झाली, पण उभ्या जागी थरथरत होती. बीड बायपासला लागेपर्यंत झटके मारायला लागली, पिकअप घेईना आणि समोर पिवळा इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला. सासूबाई ७८ वर्षांच्या. त्यांचा नियम असा की दर्शन झाल्याशिवाय पाणीसुद्धा घ्यायचं नाही. रस्त्याच्या कडेला ट्रकच्या धुळीत त्या दीड तास बसल्या. तक्रारीचा एक शब्द बोलल्या नाहीत, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

आमच्या नेहमीच्या मेकॅनिकभाईंनी येऊन बॉनेट उघडलं आणि दोन मिनिटांत सांगितलं, "भाभी, प्लग में पानी बैठा है।" चारपैकी दोन प्लगच्या खड्ड्यांत पाणी साचलेलं होतं. एक कॉइल कायमची गेली. फुकटच्या वाफेपायी सुमारे अडीच हजारांची कॉइल आणि वर मजुरी.

हे का होतं, ते सोप्या शब्दांत सांगते. आजच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत प्रत्येक स्पार्क प्लगवर स्वतंत्र इग्निशन कॉइल बसवलेली असते. प्लग इंजिनच्या माथ्यावर एका खोल विहिरीसारख्या खड्ड्यात असतो आणि कॉइलच्या रबरी टोपणाने तो खड्डा झाकलेला असतो. कॉइल हजारो व्होल्टचा दाब तयार करते आणि त्यामुळे प्लगच्या टोकाशी ठिणगी पडते. खड्ड्यात ओल असली तर विजेला सोपी वाट सापडते. टोकापर्यंत न जाता ती बाजूच्या धातूत उतरते. त्या सिलिंडरमध्ये ठिणगी पडत नाही, पेट्रोल जळत नाही. चार माणसांनी उचललेल्या पलंगाखालून एक माणूस निघून गेला तर जे होईल, तेच इंजिनचं होतं. मेकॅनिक याला 'गाडी मिसिंग करतेय' म्हणतात.

गाडी सीएनजीवर चालत असेल तर हा त्रास आधी जाणवतो, कारण सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जोरदार ठिणगी लागते. पेट्रोलवर बरी चालणारी गाडी सीएनजीवर टाकताच झटके मारू लागली, तर हेही एक कारण असू शकतं. डिझेल गाडीला स्पार्क प्लग नसतात, म्हणून ती सुरक्षित असं समजू नका. तिच्याही इंजेक्टरच्या आणि सेन्सरच्या वायरी कपलरनेच जोडलेल्या असतात. एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ गाड्यांत तर सेन्सर आणखी वाढले आहेत. कपलरच्या पिनांवर ओल राहिली की हळूहळू हिरवट गंज चढतो. मग महिन्या-दोन महिन्यांनी दिवा लागतो आणि तोवर धुतल्याची आठवणही कुणाला राहत नाही.

सेंटरवाल्यांची उत्तरं ठरलेली आहेत. पहिलं उत्तर: "वाफ कोरडी असते." वाफ म्हणजे पाणीच. शंभर अंशांच्या पुढची ती वाफ बारीक फटीतून आत शिरते, थंड धातूला लागली की तिचं पाणी होतं आणि झाकलेल्या जागेतून ते लवकर सुकत नाही. कुकरच्या झाकणाला आतून पाणी कसं धरतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. दुसरं उत्तर: "पावसात इंजिन भिजतंच की." पावसात खालून शिंतोडे उडतात, तेही जोर नसलेले, आणि गाडी बनवणाऱ्यांनी ते धरून रचना केलेली असते. वीतभर अंतरावरून, वरून आणि आडवा, दाबाने मारलेला फवारा ही वेगळी गोष्ट आहे. त्यात पाच-सात वर्षं इंजिनच्या उष्णतेत राहिलेलं रबर कडक होतं, प्लास्टिकच्या खुंट्या ठिसूळ होतात. नव्या गाडीला जे सोसेल, ते जुन्या गाडीला सोसेलच असं नाही. तिसरं उत्तर: "पेट्रोल खराब असेल." काल दुपारपर्यंत त्याच टाकीतल्या पेट्रोलवर गाडी नीट चालत होती, यावर त्यांच्याकडे उत्तर नसतं.

जुन्या फियाटच्या काळातही पावसाळ्यात डिस्ट्रिब्यूटरमध्ये ओल गेली की गाडी बंद पडायची. ड्रायव्हर झाकण काढून कोरड्या फडक्याने पुसायचे आणि गाडी परत चालू व्हायची. यंत्र बदललं, पण वीज आणि पाणी यांचं वैर तेच आहे. फरक इतकाच की आता ते झाकण आपल्याला सहज काढता येत नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. कधी कधी इंजिन साफ करावंच लागतं. ऑइल गळत असेल तर गळती कुठून होते हे शोधायला मेकॅनिक आधी ती जागा स्वच्छ करतात. उंदरांनी घरटं केलं असेल तर ते काढावंच लागतं. नीट जाणणारा कारागीर कॉइल, कपलर, अल्टरनेटर, फ्यूजचा डबा आणि एअर फिल्टरचं तोंड झाकून, गार इंजिनवर, लांबून आणि कमी दाबाने काम करतो आणि नंतर हवा मारून सगळं सुकवतो. असं काम करायला वेळ लागतो. दिवाळीच्या गर्दीत दहा मिनिटांत, पोऱ्याच्या हातून, फुकटात ते होत नाही.

गाडीला असं झालंच तर काय करावं? सेल्फ पुन्हा पुन्हा मारत बसू नका. दिवा नुसता लागलेला असेल तर जवळच्या मेकॅनिकपर्यंत हळू जाता येतं, पण तो लुकलुकत असेल तर गाडी बाजूला घेऊन बंद करा. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे तापतं, आणि तो खराब झाला तर खर्च कॉइलच्या कित्येक पट होतो. मेकॅनिकला धुतल्याचं आधी सांगा, म्हणजे तो भलतीकडे शोधत बसणार नाही. स्कॅनर लावल्यावर पी ०३०१ ते पी ०३०४ यांपैकी कोड आला, तर शेवटचा आकडा कोणता सिलिंडर चुकतोय ते सांगतो. कॉइल काढल्यावर खड्ड्यातलं पाणी आधी हवा मारून काढायचं आणि मगच प्लग खोलायचा, नाहीतर तेच पाणी सिलिंडरमध्ये उतरतं. पुष्कळदा एवढ्या सुकवण्यावर काम भागतं. नवे प्लग, नवा पंप, इंजेक्टर सफाई अशी यादी कुणी लगेच पुढे केली तर थोडं थांबा.

आणि एरवी? गार इंजिनवरची धूळ मऊ ब्रशने झाडा, ओलसर करून घट्ट पिळलेल्या फडक्याने प्लास्टिकची झाकणं पुसा, काचेखालच्या जाळीत अडकलेली पानं हाताने वेचा. बस. मिक्सरची मोटर आपण नळाखाली धरत नाही, पुसूनच ठेवतो ना? तीच रीत इथेही.

दशलक्षण पर्वात आपण 'उत्तम शौच' धर्माचं व्याख्यान ऐकतो. तिथे शौच म्हणजे अंग किंवा वस्तू धुणं नव्हे, लोभ सुटणं, हे महाराज दरवर्षी सांगतात. बॉनेटखालचं इंजिन चमकावं, ही इच्छा मला त्या लोभाच्या जवळची वाटते. ते कुणी बघत नाही, चमकून ते चांगलं चालत नाही, आणि जुनी गाडी विकताना ती चमक गिऱ्हाइकाचे डोळे दिपवायच्याच कामी येते. इंजिनला हवं ते वेळेवर ऑइल, कूलंट आणि स्वच्छ एअर फिल्टर. जतन करणं म्हणतात ते याला.

तेव्हा या दिवाळीला गाडी धुवायला द्याल, तेव्हा तोंडी सांगून थांबू नका. पावतीवर त्यांच्याच हाताने लिहून घ्या: 'बॉनेट उघडायचं नाही.' गाडी परत घेताना तिथेच सुरू करून दोन मिनिटं उभी ठेवा आणि इंजिनचा आवाज ऐका. थरथर जाणवली किंवा दिवा लागला, तर पैसे देण्याआधी तिथल्या तिथे दाखवा. गाडी दारातून बाहेर पडली की कुणी ऐकून घेत नाही.