डबी बोलते, ऐकायचं कोणी?

गाडीच्या स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं एक सॉकेट असतं. अमेरिकेत १९९६ पासून ते सक्तीचं आहे. त्यात छोटी डबी खोचली की इंजिनाची खबरबात ब्लूटूथने मोबाईलवर येते. आरपीएम, कूलंटचं तापमान, बॅटरीचे व्होल्ट वगैरे.

मला ही डबी आवडते. बऱ्याच नव्या गाड्यांतून तापमानाचा काटाच गायब झालाय, त्याजागी नुसता लाल दिवा. तो पेटेपर्यंत इंजिन तापलेलं असतं! आकडा मात्र नव्वदीवरून शंभरीपलीकडे सरकताना आधीच दिसतो. मे महिन्यात भरल्या गाडीने वरंधा घाट चढताना त्याची किंमत कळते.

पण तो आकडा चालवणाऱ्याने का वाचायचा? ताशी ८० च्या वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. दोन सेकंद मोबाईलकडे पाहिलं की ४४ मीटर डोळे मिटून! (मी मराठी शिकवायचो, पण एवढं गणित येतं.) काही ॲपमध्ये मर्यादा ठरवून ठेवता येते, ती ओलांडली की ते ओरडतं. तेवढं पुरे. आमचे पुतणे म्हणतात, "काका, मला सवय आहे." असेल बाबा. समोरून येणाऱ्या एसटीवाल्याला ती कुठे ठाऊक?

तूर्त शेजारच्या सीटवर बसून आकडे मी वाचतो.